आत्याचं कोपर

आमच्या घरात कुठलीही गोष्ट एकदा पाहून आवडली असं म्हणायची सोय नव्हती. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, सदाशिव पेठेतच, घरापासून दोन गल्ल्या सोडून. तिथं दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवायची, तिच्यात एकामागून एक भिंगं सरकवायची आणि समोरच्या तक्त्याकडे बोट करून विचारायचं, ‘हे बरं, की हे?’ तेच ते घरी येऊनही विचारत. आमटीत चिंच की आमसूल हा निर्णय दोन वाट्या शेजारी ठेवून, एकेक घोट आलटूनपालटून घेऊन होई. शर्टाचं कापड घ्यायचं तर दुकानदाराला दोन्ही ठाणं उन्हात आणायला लावत, आणि तो बिचारा फूटपाथवर उभा राहून ‘हे बरं की हे’ची उत्तरं देई. माझ्यासाठी सांगून आलेल्या मुलींच्या बाबतीतही त्यांनी हीच पद्धत वापरली असती, पण आईनं वेळीच डोळे वटारले म्हणून माझा संसार सुखाचा झाला.

अशा माणसाच्या घरी टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर आला, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. दुसऱ्यांच्या घरी लोक सिनेमा बघत. आमच्या घरी सिनेमाचे डोळे तपासले जात. बाबा स्टुलावर बसत, आधी उजवा डोळा झाकून पडद्याकडे बघत, मग डावा झाकून, मग दोन्ही उघडे ठेवून, आणि शेवटी निदान करत. ‘ह्या कॅसेटला पाऊण नंबर आहे,’ म्हणत. किंवा, ‘लांबचं ठीक आहे, जवळचं गेलंय.’ एकदा लायब्ररीतून आणलेल्या एका मारामारीच्या सिनेमाबद्दल त्यांनी सांगितलं होतं की याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, परत देऊन या. लायब्ररीवाला त्यांना पाहिलं की शटर ओढायचा विचार करे. पण आमच्या बिल्डिंगमध्ये बाबांच्या शब्दाला मान होता. कुणाकडे नवा टीव्ही आला की पेढे नंतर वाटले जात, आधी बाबांना बोलावलं जाई. ते जात, डोळे झाकत, उघडत, रंगाचं बटण एक चिमूट मागे फिरवत आणि म्हणत, ‘माणसांच्या गालांना गुलकंद लावलाय दुकानदारानं. हे असं ठेवा.’ पुढची दहा वर्षं ते बटण त्या घरात कुणी हलवत नसे.

आमचा रविवार म्हणजे आत्याचा रविवार. कुसुमआत्या, बाबांची धाकटी बहीण, मार्केट यार्डाजवळ राहायची. आतोबांची तिथं गुळाची पेढी होती, आणि ते रविवारी दुपारी झोपत; ती झोप मोडण्यापेक्षा माहेर गाठलेलं बरं, असं आत्याचं मत होतं. ती रिक्षातून उतरायची तीच हातात भली मोठी पिशवी घेऊन. यार्डातून थेट आलेली भाजी, दिवसांप्रमाणे कधी गाजरं, कधी शेंगा, आणि थंडीत मटार. मटार तर गोणपाटातूनच यायचा. मग बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरायची, मधोमध मटारचा ढीग, आई, आत्या, मी आणि शेजारच्या लिमयेकाकू कडेनं मांडी घालून, बाबा स्टुलावर, आणि समोर सिनेमा. माझ्या लहानपणीचे सगळे सिनेमे माझ्या कानात मटारच्या शेंगा फुटण्याच्या आवाजासकट साठवलेले आहेत. टिच, टिच, टिच आणि मग खलनायकाचं हसू. कोवळे दाणे सरळ तोंडात जात, आणि आई पडद्यावरची नजर न हलवता माझ्या हातावर चापट मारी. संध्याकाळी उसळ व्हायची, खोबरं-कोथिंबिरीची, आल्याची चव जरा पुढं असलेली. ती आत्याच करायची. माहेरी येऊन स्वयंपाक करणारी ही एकच बाई मी पाहिली, आणि आई तिला अडवायच्या भानगडीत कधी पडली नाही, कारण उसळ खरोखरच तिची बरी होती. हे बाबांनीही मान्य केलं होतं, दोन वाट्यांची रीतसर चाचणी घेऊन.

तर आता आत्याच्या सिनेमाबद्दल.

लग्नाआधी, कॉलेजच्या सुट्टीत, आत्या तिच्या मामाच्या गावी गेली होती, पुरंदरच्या बाजूला, आणि त्याच सुमारास तिथं एका मराठी सिनेमाचं शूटिंग आलं. सारं गाव बघायला लोटलं, आत्याही गेली, आणि बघायला आलेल्या गर्दीतून दिग्दर्शकानं बोट दाखवून तिला बाहेर काढलं. नायक गाव सोडून एस.टी.नं निघालाय आणि गावातल्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत, एवढाच प्रसंग. आत्या त्या बायकांतली एक. या एवढ्याशा गोष्टीतून तिनं आम्हाला वर्षानुवर्षं पुरेल इतकं काही दिलं. नायिकेचा ब्लाऊज उसवला तेव्हा सुईदोरा आत्यानं दिला. दिवे धरणारी माणसं पिठलंभाकरी खाताना नायकाची कशी नक्कल करत. एस.टी.चा ड्रायव्हर खराखुरा होता आणि त्याला हळू चालवणं हा कमीपणा वाटे. तो दर वेळी गाडी अशी काढायचा की कॅमेरा, दिग्दर्शक आणि रडणाऱ्या बायका सगळे धुळीत बुडायचे, आणि तो खिडकीतून मान काढून विचारायचा, ‘बरं झालं का?’ आत्या हे सांगताना ड्रायव्हरही व्हायची आणि धूळही व्हायची. लोक मला विचारतात की हे गोष्टी सांगण्याचं वेड कुठून आलं. बाबांकडून नक्कीच नाही.

भानगड एकच होती. त्या सिनेमात आत्या दिसत नव्हती.

सिनेमा लागला तेव्हा आमच्या घरातून कुणीच तो पाहिला नव्हता. त्या काळच्या पेठेत घरातली मुलगी पडद्यावर गेली ही मिरवायची बातमी नव्हती, आणि आत्याला स्वतःलाही थिएटरात कुणी जाऊ दिलं नव्हतं. पुढं बऱ्याच वर्षांनी त्याची कॅसेट आली. आत्यानं ती विकत घेतली आणि आमच्या कपाटात ठेवली, कारण आतोबांच्या घरी व्हीसीआरपेक्षा वजनकाट्याला मान होता. पहिल्यांदा लावली तेव्हा सगळे श्वास रोखून बसलो. एस.टी. आली, नायक चढला, म्हातारी आई पदरात रडली, कडेनं तीनचार बायका, आणि पडद्याच्या डाव्या काठातून आत आलेलं एक कोपर. ‘ते बघा,’ आत्या म्हणाली, ‘ती मी.’

कॅसेट थांबवली. कॅसेट थांबवली की चित्र थरथरतं आणि त्यातून पांढऱ्या रेघा जातात. तर ते रेघांचं कोपर आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. बाबांनी एक डोळा झाकला, दुसरा झाकला, आणि म्हणाले, ‘कोपरावरून माणूस ओळखता येत नाही.’ आत्या म्हणाली, ‘आहे मी तिथं. तुमच्या टीव्हीत मावत नाही हा माझा दोष नाही.’ त्यानंतर ती कॅसेट इतक्या वेळा नेमकी तिथंच थांबवली गेली की टेप तेवढीच झिजली, आणि कोपरसुद्धा धुक्यात गेलं.

आता या वयात मला त्याचं कारण ठाऊक आहे, आणि ते तुम्हालाही सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको. थिएटरचा पडदा लांबट असतो, जुना टीव्ही जवळपास चौकोनी होता. लांबट चित्र चौकोनात बसवायचं तर दोनच मार्ग. एक, चित्र अख्खं ठेवून लहान करायचं, मग वर आणि खाली काळ्या पट्ट्या उरतात. दुसरा, चित्राच्या दोन्ही बाजू कापून टाकायच्या. कॅसेटवाले बाजू कापायचे आणि कुणाला पत्ता लागत नसे. माझा मुलगा हिंजवडीत नोकरी करतो, त्याच्या भिंतीवर दारापेक्षा मोठा टीव्ही आहे, आणि तो व त्याचे मित्र जुन्या सिनेमाची नवी प्रत आली की तिच्या पिक्चर क्वालिटीवरून इंटरनेटवर एकमेकांचे गळे धरतात. कुणी म्हणतं रंग भडक केले, कुणी म्हणतं मूळच्या रिळावरची दाणेदार खरखर पुसून चेहरे मेणाचे केले. मीही तिथं टोपणनावानं जातो. सगळ्यांशी गोड वागतो. फक्त कुणी काळ्या पट्ट्यांबद्दल तक्रार केली की मी त्याला सोडत नाही.

पण तेव्हा आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की आत्या कोपरापुरती आहे. त्यावरून तिची थट्टा चाले, आणि थट्टेत सगळ्यात पुढं लिमयेकाकू. त्यांच्याकडे कुणी पाहुणे आले आणि रविवार असला की त्या मुद्दाम त्यांना आमच्याकडे घेऊन येत. एकदा अशाच एका पाहुणीला त्यांनी आत्याची ओळख करून दिली, ‘ह्या कुसुमताई. सिनेमात होत्या. कोपरापुरत्या.’ आत्यानं शेंग फोडत सांगितलं, ‘माझं कोपर तरी गेलं, लिमयेवहिनी. तुम्ही अख्ख्या कधी लक्ष्मी रोडच्या पलीकडं गेला नाहीत.’ हसलो सगळे. पण पाहुणी गेल्यावर, ढिगातल्या शेंगा सोलून झाल्या तरी आत्या सालंच पुन्हा चाचपत राहिली.

त्या सुमारास मला आईनं एक गोष्ट सांगितली होती. सिनेमा लागला त्या सुमारास त्या कंपनीचा एक माणूस घरी आला होता. पुढच्या सिनेमात आत्याला काम द्यायचं होतं, या वेळी बोलायचं काम. आजोबा तेव्हा आजारी. घरातले निर्णय बाबांकडे आलेले. बाबांनी त्या माणसाला बसवलं, चहा दिला, आणि जिन्यापर्यंत सोडून आले. आत्याला विचारलं नाही. आत्या आतल्या खोलीतच होती. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. ‘तिनं कधी विषय काढला नाही,’ आई म्हणाली, ‘तूही काढू नकोस.’ मी तेव्हा कॉलेजात होतो आणि कुणावर तरी चिडायचं वय होतं. मी बाबांवर चिडलो, आणि नेहमीप्रमाणे ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मग डीव्हीडी आली. मी पहिल्या नोकरीला नुकताच लागलो होतो आणि हौसेनं प्लेअर घेतला होता. पेपरात जाहिरात वाचली: आत्याचा सिनेमा नव्यानं, मूळ रिळांवरून, स्वच्छ करून. मी आत्याला फोन केला. पलीकडे गुळाच्या ढेपा मोजल्या जात असल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, ‘आण. आणि हे बघ, ह्यातही मी दिसले नाही, तर संपलं. पुन्हा कधी मी त्या सिनेमाचं नाव काढणार नाही. तुमच्यासमोरही नाही.’ मी हसलो. ती हसली नाही. ती दिलेला शब्द पाळणारी बाई होती. सुईदोरा, पिठलंभाकरी, तो ड्रायव्हर, ती धूळ, हे सगळं एका चकतीवर अवलंबून होतं, आणि ती चकती मी घेऊन येणार होतो.

रविवार आला. थंडीचे दिवस, म्हणून मटार होताच. लिमयेकाकू नेहमीपेक्षा आधी येऊन बसल्या. आत्यानं त्या दिवशी चांगली साडी नेसली होती. कुणी त्याबद्दल बोललं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिली होती. मी डिस्क लावली. चित्र आलं, आणि बाबा स्टुलावरून उठले.

‘हे काय?’

पडद्यावर वर एक काळी पट्टी होती, खाली एक काळी पट्टी, आणि मधल्या फटीत सिनेमा.

‘अर्धा कापून दिलाय,’ लिमयेकाकू म्हणाल्या. आईला वाटलं टीव्ही बिघडला. बाबांनी डोळे झाकायचेही कष्ट घेतले नाहीत. त्यांनी जाहीर केलं की वरचं गेलं, खालचं गेलं, लोक चौकटीच्या फटीतून बघितल्यासारखे दिसतायत, ही फसवणूक आहे, पावती घेऊन जा आणि बदलून आण. मी गेलो. आजही मला तो मी दिसतो, छाती काढून दुकानात शिरलेला. दुकानदार पुण्याचा. त्यानं माझं सगळं भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की सगळ्या अशाच आहेत, सकाळपासून तुम्ही चौथे, तुमच्या रिमोटवर झूमचं बटण आहे ते दाबा आणि सुखी व्हा.

घरी येऊन मी ते बटण दाबलं. चित्र मोठं झालं, पट्ट्या गेल्या, पडदा काठोकाठ भरला. ‘हं, आता कसं,’ लिमयेकाकू म्हणाल्या. बाबा स्टुलावर बसले, एक डोळा झाकला, दुसरा झाकला. ‘नंबर नाही ह्याला,’ म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही. आणि खरंच, काय ते चित्र होतं. कॅसेटमध्ये जे नुसतं तपकिरी होतं त्याची आता माती झाली होती, बाभळीला काटे होते, म्हातारीच्या हातावरचं गोंदण वाचता येत होतं. आम्ही शेंगा फोडायचं थांबलो. फक्त आत्याचे हात चालू होते, आणि दाणे जमिनीवर पडत होते ते तिला कळत नव्हतं.

एस.टी. आली. नायक चढला. म्हातारी रडली. बायका उभ्या राहिल्या, एकीच्या नाकातली चमकीसुद्धा दिसली. आणि डाव्या काठाशी काही नव्हतं. कोपरही नव्हतं. गाडी निघून गेली, धूळ बसली, पुढचा सीन सुरू झाला.

लिमयेकाकूंनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. थट्टा करायची सोन्यासारखी संधी समोर असून त्या बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना बरंच काही माफ केलं आहे. आत्यानं मांडीवरची सालं झटकली, सोललेल्या मटारचं पातेलं उचललं आणि ती उठली. ‘वहिनी, आलं-मिरची वाटलंय का?’ तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, मी वाटते, तुम्ही बसा. ‘नको. झालंय बघून,’ आत्या म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं खोबरं खवण्याचा आवाज यायला लागला. एरवी तिच्या हाताबरोबर तिचं तोंडही चालायचं, आतून बाहेर ऐकू येईल असं. त्या दिवशी नुसती खवणी ऐकू येत होती.

बाबा पडद्याकडे बघत होते, पण सिनेमाकडे नाही हे मला कळत होतं. मग ते म्हणाले, ‘सुहास, मागं घे. आणि जुनी कॅसेट काढ.’

त्यांनी मला दोन्ही यंत्रं एकाच टीव्हीला लावायला सांगितली, एकाची वायर पुढून, एकाची मागून. कॅसेटवर तो सीन आणून थांबवला, डिस्कवर तोच आणून थांबवला. मग माझ्याकडून रिमोट घेतला आणि दुकानात भिंगं बदलतात तसं एका चित्रावरून दुसऱ्यावर जायला लागले. कॅसेट. डिस्क. कॅसेट. डिस्क. फक्त ‘हे बरं की हे’ विचारत नव्हते. कॅसेटमध्ये डावीकडे ते धुकट कोपर होतं. डिस्कमध्ये म्हातारीच काठाला टेकली होती. झूम केलेल्या नव्या स्वच्छ चित्रात जुन्यापेक्षाही कमी मावत होतं.

‘पट्ट्या परत आण,’ बाबा म्हणाले.

‘अहो, पण चित्र बारीक होईल,’ लिमयेकाकू म्हणाल्या.

‘होऊ दे. माणूस लहान दिसला तर चालेल. अर्धा नको.’

मी झूमच्या बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं की तिथं आणखी काही असेल असं कशावरून. ‘आहे,’ ते म्हणाले, ‘अगदी डाव्या टोकाला. मला डाव्या कडेची खुर्ची मिळाली होती, पडद्याच्या पुढ्यात. मान वर करून बघावं लागत होतं.’

खोलीत मी, आई आणि लिमयेकाकू होतो. आम्ही तिघंही आता टीव्हीकडे बघत नव्हतो.

मी बटण दाबलं. चित्र आक्रसलं, काळ्या पट्ट्या वरून आणि खालून आल्या, आणि दोन्ही बाजूंनी गाव उघडत गेलं. उजवीकडे एक बैलगाडी निघाली, एक कुत्रं निघालं. डावीकडे म्हातारीच्या पलीकडे मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत, सगळ्या बायकांपासून जराशी दूर, एक मुलगी. डावा हात कपाळावर आडवा, उन्हापासून डोळ्यांवर सावली धरलेला. त्याच हाताचं ते कोपर. उजव्या हातानं कमरेवरची कळशी धरलेली. बाकीच्या बायका रडण्याचं काम करत होत्या, आणि ते दिसत होतं. ही काहीच करत नव्हती. गेलेल्या गाडीकडे बघत होती, आपलंच कुणी गेल्यासारखी. माझी नजर म्हातारीवर परत जाईना. मी प्रयत्न करून पाहिला.

‘कुसुम,’ बाबांनी हाक मारली, ‘बाहेर ये.’

‘फोडणी जळेल.’

‘गॅस बंद कर आणि ये.’

ती डाव हातात घेऊनच आली. दारात थांबली. पडद्यावरची मुलगी थांबवलेली होती, आणि ते चित्र कॅसेटसारखं थरथरत नव्हतं, रेघा नव्हत्या. ती तिथं नीट उभी होती. आत्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याचं वर्णन मी पुष्कळदा करून पाहिलं आहे, मैफलींत, चढवून, आवाज बदलून, आणि दर वेळी मला ते खोटं वाटलं आहे. तेव्हा ते राहू द्या. सगळ्यात आधी लिमयेकाकू बोलल्या. ‘कुसुमताई, किती बारीक होतात हो.’

‘तुम्हीही असाल कधीतरी,’ आत्या म्हणाली. मग आईनं हळूच तिला सांगितलं की ह्यांनी सिनेमा थिएटरात बघितला होता.

आत्या बाबांकडे वळली. ‘कधी?’

‘लागला त्याच आठवड्यात. दुपारच्या खेळाला. दुकान बंद ठेवलं होतं.’

आमच्या आजोबांच्या तेराव्यालाही संध्याकाळी उघडलेलं दुकान. आत्यानं ते मनात जोखलं असावं. मग तिनं आम्ही कुणीही तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता तो विषय काढला, अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसा. ‘आणि तो माणूस घरी आला, तो त्याच्या आधी की नंतर?’

‘नंतर.’

‘म्हणजे मला बघून मग नाही म्हणालास.’

‘बघितलं म्हणूनच म्हणालो.’ बाबा तिच्याकडे बघत नव्हते, त्या मुलीकडे बघत होते. ‘तू होतीस तेवढा वेळ कुणी दुसरीकडं बघेना, कुसुम. माझ्या शेजारी एक अनोळखी माणूस होता, तो खाता खाता थांबला. मला भीती वाटली. वाटलं, ही आता आपल्याकडं राहत नाही.’

‘मला विचारायचंस, दादा.’

‘हो. विचारायला हवं होतं.’

बाबांनी आपलं म्हणणं असं मागं घेतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. आत्या पुढं आली, पसरलेल्या सालांमधून वाट काढत, आणि टीव्हीच्या इतकी जवळ जाऊन बसली की एरवी बाबांनी डोळे जातील म्हणून तिला मागं ओढलं असतं.

‘लुगडं जांभळं होतं,’ ती म्हणाली. ‘ह्या डिस्कवाल्यांनी चॉकलेटी केलंय.’

‘थिएटरात जांभळंच दिसत होतं,’ बाबा म्हणाले.

‘आणि ऊन असं पिवळं नव्हतं. सकाळ होती.’

‘हो. पांढरं होतं.’

लिमयेकाकूंनी विचारलं की मग ही प्रत चांगली म्हणायची की नाही. प्रश्न बाबांना होता. बिल्डिंगमध्ये असा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारायची पद्धतच नव्हती. पण बाबांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि बहिणीकडे बोट केलं, तिला विचारा म्हणून. डावाचं टोक पडद्याला लागू न देता आत्यानं त्या मुलीच्या खांद्यापाशी नेलं, मग हात खाली घेतला. आतून उसळीच्या फोडणीचा वास बाहेर येत होता, जरासा जास्तच खमंग झालेला.

‘चांगली आहे,’ ती म्हणाली. मग मागं न वळता, ‘चालू कर रे सुहास. भरलेली कळशी आहे तिच्या कमरेवर. किती वेळ उभी ठेवणार तिला?’